पलतडीला जायचं नाही

१४ सप्टेंबर २०२५
लेटरकेनीजवळ, डोनेगल

ती. दादास,

नमस्कार लिहिलेला नाही. तो राहून गेला असं समजू नकोस, मुद्दाम लिहिलेला नाही.

तू मला तुझ्या फोनवर ब्लॉक केलंस, मेधावहिनीला करायला लावलंस, फॅमिली ग्रुपमधून काढलंस. म्हणून हे पत्र. पोस्टाला ब्लॉक करता येत नाही. आईजवळचा बटणांचा जुना फोन तेवढा तुझ्या तावडीतून सुटला, कारण त्यात ते कसं करायचं हे तुला येत नाही.

गेल्या रविवारी मी त्याच फोनवर आईशी बोलले. आदल्या दिवशी मामाच्या शर्वाणीचा मेसेज आला होता: 'बाबांचं तेरावं नीट पार पडलं. आत्या आली नाही, त्याचं फार वाईट वाटलं.' मला वाटलं, आईच्या गुडघ्यांनी दगा दिला असेल, किंवा रडून रडून पडली असेल. म्हणून फोन उचलल्याबरोबर मी म्हटलं, "आई, प्रल्हादमामा असा अचानक जाईल असं वाटलं नव्हतं गं."

ती विळीवर नारळ खवत होती. खवण्याचा आवाज थांबला.

"कोण गेलो म्हणालंस?"

दादा, आईला तिचा सख्खा भाऊ गेल्याचं मी सांगितलं. मी, आयर्लंडातून. तू पलीकडच्या खोलीत देवस्थान समितीचा हिशेब तपासत बसला होतास. तुझा खोकला मला ऐकू येत होता.

मग तिने एकच गोष्ट विचारली, कुठल्या दिवशी. मी सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवसा दिनान माका डोळे दाखवूक म्हापशाक नेल्यान. येताना आइस्क्रीम पण दिल्यान."

आइस्क्रीम! आपल्या परसातून मोरगाळचं मसण समोर दिसतं. मधे नदीच तेवढी. मोरगाळहून आलेला निरोप तू दाबलास, आणि धूर दिसला असता म्हणून तिला म्हापशाला नेलंस. सत्तर वर्षांच्या बाईच्या डोळ्यांत थेंब घालून बसवलंस आणि तिकडे तिच्या भावाला अग्नी दिला जात होता. हे सुचलं कसं तुला? रात्रभर जागून सुचलं की चालता चालता?

कारण मला माहीत आहे. तुझा तो ठराव. 'पलतडीला जायचं नाही.' नदीपलीकडे मोरगाळला पाऊल टाकायचं नाही, लग्नाला नाही, मयताला नाही, जत्रेला नाही. जो जाईल त्याच्या दारात सातेरीचं तरंग, देवीचा साडी नेसवलेला खांब, थांबणार नाही, त्याच्या घराला देवीचा कौल मिळणार नाही. चार वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला दोन्ही काठांवर तरंगं येऊन उभी राहिली, आपली सातेरी इकडे आणि तिची बहीण केळबाय तिकडे, आणि तुम्ही पुरुषमाणसं भांडत बसलात की पाण्यात पहिलं पाऊल कुणाच्या देवीने टाकायचं. दोघी बहिणी उन्हात ताटकळल्या. शेवटी भेट न होताच परत गेल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. मान देवीचा, आणि राग तुमचा.

समितीचा अध्यक्ष तू, ठराव तुझा, आणि पहिला मोडावा लागला असता तोही तुलाच. ते तुला जमलं नाही.

आता नीट वाच. तेरावं झालं, बोलायचं ते गाव बोललं. पण आईला अजून मोरगाळला नेता येईल. तिला शर्वाणीच्या गळ्यात पडून रडायचं आहे, बस. गाडी काढ, पुलावरून ने, आणि तूही बरोबर जा. मामाने तुला पोहायला शिकवलं त्याच नदीत.

उत्तर पोस्टाने पाठव.

स्वरूपा


५ ऑक्टोबर

दादा,

स्पीड पोस्टाने चार ओळी आल्या, त्याही समितीच्या लेटरहेडवर. बहिणीला लिहिताना वर सातेरीचा छाप आणि खाली शिक्का! तुझा मेहुणा उपेंद्र म्हणाला, शांत हो, उद्या लिही. म्हणून मी दोन दिवस थांबले. शांत झाले नाही.

तू लिहितोस: 'तू परदेशी नागरिकत्व घेतले आहेस. गावच्या रूढी-परंपरांबाबत बोलण्याचा अधिकार तुला राहिलेला नाही.'

बरं, मग अधिकाराचंच बोलू.

बाबा जन्मले तेव्हा आपलं आडवण गाव पोर्तुगालमध्ये होतं. ते पहिलीत गेले तेव्हाही पोर्तुगालमध्येच होतं. अकरा वर्षांचे झाले आणि एका डिसेंबरात सकाळी उठले ते भारतात. अंथरूण तेच, पेजेची वाटी तीच, गोठ्यात गाय तीच. देश तेवढा रात्रीतून बदलला. कुणी विचारायला आलं होतं का घरोघरी? आणि देश बदलला म्हणून सातेरीने कुणाच्या घरचा नारळ परत केला? गाव अख्खं देश बदलून बसलं, तरी त्याचा गावपणा गेला नाही. मी एकटीने बदलला तर माझं माहेर गेलं?

आणि तो पोर्तुगीज पासपोर्ट मला मिळाला कशावर? बाबा आडवणला जन्मले यावर. ज्या कागदावरून तू मला गावाबाहेर काढतोस तो कागद मला गावानेच दिला आहे, दादा. तुझ्या मुलाच्या, ओजसच्या, अर्जाचं कुठवर आलं? मडगावच्या एजंटकडे तुझ्या फेऱ्या चालू आहेत हे मला माहीत आहे. ओजस गेला तर प्रगती, मी गेले तर धर्म बुडाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

भारतीय पासपोर्ट परत करताना मी रडले होते, हेही तुला सांगायला हवं होतं का? तू विचारलं नव्हतंस. तू फक्त ग्रुपवर पोर्तुगालचा झेंडा टाकून हसणारे चेहरे टाकले होतेस.

असो. तुला एका म्हातारीबद्दल सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला नोरा राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उपेंद्र इस्पितळात रात्रपाळीला असला की मी आणि लेक स्वानंदी तिच्याकडे बसतो. तिच्या घरापुढून जी वाट जाते ती पाच मिनिटांवर दुसऱ्या देशात जाते. तिथे काही नाही, कुंपण नाही, चौकी नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाटीवर किलोमीटरऐवजी मैल येतात, एवढंच. स्वानंदीची पियानोची शिकवणी पलीकडे आहे. आम्ही आठवड्यातून दोनदा देश बदलून घरी जेवायला येतो.

नेहमी असं नव्हतं. नोराचे वडील ब्रिटिश राज्यात जन्मले. पाळण्यात होते तेव्हा गावाने देश बदलला. घर आणि शेत आयर्लंडमध्ये आलं, चर्च आणि घराण्याची दफनभूमी पलीकडे ब्रिटिश राज्यात राहिली. तरी ये-जा चालू होती. मग पन्नास वर्षांनी तिकडे दंगली पेटल्या आणि सैन्याने ती वाट सुरुंग लावून उडवली. बैलगाडी मावेल एवढा खड्डा. त्याच हिवाळ्यात नोराचे वडील वारले.

मोठ्या रस्त्याने तपासणी नाक्यावरून वळसा घालून शवपेटी नेता आली असती. पण ते आयुष्यभर रविवारी त्या वाटेने चालत गेले होते. गावातल्या लोकांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि पेटी खांद्यावरून पलीकडे नेली. पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तेच लोक चर्चच्या कपड्यांत फावडी घेऊन आले आणि खड्डा बुजवला. सैन्याने पुन्हा उडवला. त्यांनी पुन्हा बुजवला. मी विचारलं, किती वेळा? नोरा म्हणाली, "मोजत कोण बसलं होतं, पोरी? रविवार आला की फावडं घ्यायचं."

मग मी तिला मामाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडची वाट कुणी फोडली? सैन्याने?"

मी म्हटलं, "माझ्या भावाने."

तिने उठून कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती तुझी होती.

आईला मोरगाळला ने.

स्वरूपा


१९ ऑक्टोबर

दादा,

उद्या लक्ष्मीपूजन. इथे पाच वाजता अंधार पडायला लागेल अशी हवा आहे. चकल्या मोडल्या, करंज्या बऱ्या झाल्या.

तुझं उत्तर नाही. मग मी तुझं पुस्तक काढून वाचलं. 'आडवण गावाचा इतिहास', लेखक आणि संपादक दीनानाथ, म्हणजे तूच. ग्रुपमधून काढण्याआधी तू सगळ्यांना पाठवलं होतंस. फोटो चांगले आहेत. तुझे सात आहेत.

त्यात तू लिहिलं आहेस: 'सन १९५५ मध्ये सीमा बंद झाल्याने सातेरी-केळबाय भेटीची परंपरा खंडित झाली. गोवा मुक्तीनंतर आमचे आजोबा यांच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली.'

खोटं आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजी हे वाचायला नाही म्हणून बरं.

मी सहावीत असताना आजीच्या पायाला तेल लावून द्यायची. तू तेव्हा क्रिकेट खेळत असायचास. तिने मला सांगितलेलं तुला आज लिहून कळवते, कारण तुझ्या पुस्तकात जागा नसली तरी तुझ्या कानात असावी.

सीमा बंद झाली तेव्हा अलीकडच्या काठावर पाखल्यांची चौकी बसली. पोर्तुगीज शिपायांना ती पाखले म्हणायची. पलीकडे भारताचे पोलीस. तरंग घेऊन नदीवर जायला बंदी, चार पुरुष एकत्र दिसले तर बंदुकीचा दस्ता. आजोबांनी पहिल्या वर्षी अर्ज केला, दुसऱ्या वर्षी गप्प बसले. यात त्यांना दोष नाही. पण पुढाकार त्यांचा नव्हता.

आजी मोरगाळची. आपल्या गावातल्या निम्म्या सुना तेव्हाही मोरगाळच्याच होत्या. त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी त्या सगळ्या धुण्याची गाठोडी घेऊन नदीवर गेल्या. धुण्याला बंदी नव्हती. पलीकडून त्यांच्या आया, वहिन्या, भाच्या तशाच गाठोडी घेऊन आल्या. पाणी उताराच्या जागी गुडघाभर. पाखले काठावर बसून बघत होते. बायका दगडावर कपडे आपटत आपटत मधल्या धारेपर्यंत गेल्या. आजीच्या गाठोड्यात आजोबांच्या धोतराच्या आत सातेरीची ओटी होती, नारळ, खण, तांदूळ, हळद. तिकडच्या गाठोड्यात केळबायची. पाण्यात गाठोड्यांची अदलाबदल झाली. ओली धोतरं पिळत बायका घरी आल्या आणि ओटी देवळात गेली.

दरवर्षी असं झालं. सीमा उघडेपर्यंत एकदाही चुकलं नाही. आजी म्हणायची, "पाखल्यांका धुणा आणि देव यातला फरक कळूक नाय." परंपरा खंडित झाली ती पुरुषांची. बायकांनी ती धुऊन धुऊन चालू ठेवली.

आणि आणखी एक. त्याच वर्षांत आजीचा भाऊ वारला. तिला जाता आलं नाही. ती नदीकाठी पाण्यात पाय सोडून बसली आणि समोरचा धूर संपेपर्यंत उठली नाही. पाखल्यांच्या शिपायाने तिला हाकललं नाही. तो दुसरीकडे बघत उभा राहिला. हे तिने मला अनेकदा सांगितलं, त्या शिपायाचं, अगदी आवर्जून.

परक्या राजाच्या शिपायाने आपल्या आजीला भावाचा धूर बघू दिला, दादा. तू आईला तोही बघू दिला नाहीस.

पहिलं पाऊल सातेरीचं की केळबायचं, यावर तुम्ही चार वर्षं भांडताय. पहिलं पाऊल कधीच तरंगाचं नव्हतं. ते मोरगाळच्या लेकीचं होतं. पुरुष तरंग घेऊन निघायचे ते पुढे बायका पाण्यात उतरून ओटी घेऊन उभ्या राहिल्यावरच. तुम्ही मागून येता, म्हणून तुम्हाला पुढचं दिसत नाही.

आईलाही मी हे सगळं काल फोनवर सांगितलं. तिला ते माहीतच होतं. सासूने तिला लग्नानंतर पहिल्या पौर्णिमेलाच सांगितलं होतं. म्हणाली, "आमका सगळ्यांका म्हायत आसा. तुमी इचारलास कधी?"

स्वरूपा


२ नोव्हेंबर

दादा,

आता लिहायला हरकत नाही. पौर्णिमा पाचला आहे, आणि हे पत्र तुला त्यानंतर निदान आठवड्याने मिळेल.

आईने मागच्या आठवड्यात फोन केला. तिने स्वतःहून केला, ही पहिलीच वेळ. मला वाटलं बरं नाही. तर म्हणाली, कपडे धुण्याच्या साबणाच्या जुन्या वड्या, त्या निळ्या, हल्ली कुठे मिळतात का. मी म्हटलं, आई, घरात मशीन आहे ना? म्हणाली, "मशीन बिघडला."

वहिनीने मला अनब्लॉक केलंय. हेही तुला आताच कळतंय. तिने व्हिडिओ कॉलवर मशीनचा प्लग दाखवला, काढून ठेवलेला. ते अगदी ठणठणीत आहे. तिच्या बाजूच्या घरातलंही बिघडलंय. देवळामागच्या तीन घरांतलीही. आडवणमध्ये या आठवड्यात मशिनांची साथ आली आहे, आणि गंमत म्हणजे ज्या घरातली सून मोरगाळची, त्याच घरातलं मशीन बिघडतं. वहिनीचं माहेरही मोरगाळच, हे तू ठराव करताना विसरला होतास का? ती सोळा वर्षं तुझे कपडे धुते आहे. चार वर्षं तिने स्वतःच्या आईला पुलाच्या अलीकडून हात हलवून बघितलं. तिने मला हे पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगताना ती रडली नाही. मला तिची भीतीच वाटली.

मी आधी हसले. मग मला झोप येईना. पाणी यंदा जास्त आहे, पाऊस लांबला. आईचे गुडघे. उतारावरचे दगड शेवाळलेले. मी तिला म्हटलं, तू काठावर उभी राहा, मेधावहिनी आत जाईल. तर मला म्हणाली, "माझो भाव मेलो, मेधाचो नाय."

पडली तर? मी इथून काय करणार? विमानात बसेपर्यंत दोन दिवस. उपेंद्र म्हणतो, तिला अडव. नोरा म्हणते, अडवू नकोस, फक्त तिच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी असू दे. स्वानंदी म्हणाली, "ग्रॅनी'ज ग्रँड, मम्मा." इथे सगळं ग्रँडच, म्हणजे ठीकच असतं, घरावरचं छप्पर उडालं तरी.

समितीच्या नावाने तू पौर्णिमेला देऊळ बंद ठेवायचं ठरवलंयस असं कळलं. ठेव. धुण्याला देऊळ लागत नाही.

पण एक सांगते. आईला तिथे काही झालं, तर त्याचा दोष मी नदीला देणार नाही.

स्वरूपा


६ नोव्हेंबर

दादा,

वहिनीने व्हिडिओ पाठवला. मी सुट्टी काढली होती. नोरा चष्मा लावून माझ्या शेजारी बसली होती.

तुझ्या बाजूने तू बघितलं असशीलच. माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते लिहिते, म्हणजे तुझ्या इतिहासाच्या पुढच्या आवृत्तीत चूक होणार नाही.

ऊन चांगलं वर आलेलं. अठरा-वीस बायका गाठोडी घेऊन उतारावरून खाली येताहेत. सगळ्यांत पुढे आई, नऊवारी नाही, साधं गोल पातळ गुडघ्याच्या वर खोचलेलं. एका बाजूला वहिनी, एका बाजूला देवळामागच्या घरातली सून. पलीकडूनही बायका येताहेत. कुणी गाणं म्हणत नाही, घोषणा देत नाही. कपडे आपटण्याचा आवाज येतोय, दोन्ही काठांवरून. नोरा मुद्दामच म्हणाली, "इतक्या सगळ्या नदीवर कशाला? मशीन नाही का?" मी म्हटलं, बिघडलीत सगळी. ती हसत हसत खुर्चीवर मागे रेलली.

मग तू आलास. पांढरा झब्बा, मागे समितीचे चौघे. काठावर उभा राहून तू ओरडलास, "आई! हे काय चालवलंयस?"

आई वळली. तिचा आवाज व्हिडिओत स्पष्ट आहे. "धुणा धुतंय, दिना. तुजे कपडे आसत तर हाड."

कपडे आण म्हणाली ती, आणि बायका हसल्या. तुझ्या मागचा एकजणही हसला, तू वळून बघितलंस तेव्हा गप्प झाला. तू पुन्हा काही बोललास ते ऐकू आलं नाही. आई पुढे गेली. पाणी तिच्या कमरेला लागलं तेव्हा मी नोराचा हात इतका आवळला की तिच्या मनगटावर वळ उठला. एकदा तिचा पाय घसरला. वहिनीने धरलं.

मधल्या धारेत शर्वाणी उभी होती. ओटीची अदलाबदल झाली, सातेरीची तिकडे, केळबायची इकडे. चार वर्षांनी बहिणी भेटल्या. तुझं देऊळ बंद होतं तेव्हा.

नंतर शर्वाणीने तिच्या गाठोड्यातून एक शर्ट काढला. चौकटीचा, मळकट निळा, ज्याच्या खिशात मामा पानाचा डबा ठेवायचा. शेवटचा अंगावरचा. तेराव्यानंतर बाकीचे कपडे देऊन टाकले, हा तिने न धुता ठेवला होता आत्यासाठी.

आईने तो घेतला. मग तिथल्या दगडावर वाकली आणि साबण लावला. कॉलर घासली, बाह्या घासल्या, पुन्हा पुन्हा धारेत धरला. आसपासच्या बायकांचं धुणं थांबलं. खिशावर पानाचा डाग आहे, तो तिने घासला नाही. सगळं झाल्यावर तिने शर्ट पिळला, आणि तेव्हा ती रडली, मोठ्याने, तोंड उघडून, लहान मुलासारखी. शर्वाणी तिच्या गळ्यात पडली. दोघी कमरेपर्यंत पाण्यात. एवढंच तिला हवं होतं, दादा. एवढ्यासाठी तिला सत्तराव्या वर्षी नदीत उतरावं लागलं.

मी शिव्या दिल्या तुला. मराठीत, आणि इथे येऊन शिकले त्याही. नोराने सगळ्या ऐकून घेतल्या.

व्हिडिओच्या अगदी शेवटी वहिनीचा फोन खाली वळलाय, आणि काठावर तुझे पाय दिसतात. पाण्यात आहेत, घोट्यापर्यंत. मी ते थांबवून पुन्हा पुन्हा बघितलं. तू आईला परत आणायला उतरलास की पलीकडे जायला, ते कळत नाही. पुढचं त्यात नाही. मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "तेच सांगतील."

मला सांगू नकोस. मला तुझं कारण ऐकायचं नाही, खुलासा नको, लेटरहेड तर नकोच. तिथून मोरगाळ समोर दिसतं. मामाच्या फोटोला घालायचा तुझ्या हातचा हार राहिलाय. पुलावरून जा, नदीतून जा, समिती घेऊन जा नाहीतर एकटा जा.

मामाचा शर्ट आईने तुझ्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलाय, झोपाळ्यासमोर, जिथे तू सकाळी चहा पितोस. हे पत्र पोचेपर्यंत तो केव्हाच वाळला असेल. तरी ती तो काढणार नाही. तू पलतडीला जाऊन येईपर्यंत तो तिथेच राहील, असं तिने मला काल सांगितलं.

स्वरूपा